भूल उतरण्याच्या खोलीतली हवा

शस्त्रक्रिया संपते. भूलतज्ज्ञ घशातली नळी काढतात, रुग्ण जोरात खोकतो, कण्हतो आणि स्ट्रेचर शेजारच्या खोलीत येते. तिथली सिस्टर ऑक्सिजनचा मास्क लावते, बोटाला पल्स ऑक्सिमीटर अडकवते आणि रुग्णाच्या तोंडाजवळ कान नेऊन नाव विचारते. श्वास नीट चालला आहे का, जीभ मागे गेली नाही ना, शुद्ध येते आहे का, हे तिला वीतभर अंतरावरूनच कळते. पुढची वीस-पंचवीस मिनिटे ती त्या अंतरावरून हलत नाही. या काळात रुग्ण जे बाहेर सोडतो ते तिच्या श्वासात जाते. त्यात भुलीच्या वायूचा उरलेला अंश असतो, आणि छातीत क्षयरोग असेल तर त्याचे जंतूही असतात. ती हवा खोलीतून निघून गेली नाही तर शेजारच्या खाटेवरच्या अर्धवट शुद्धीतल्या रुग्णाच्या फुप्फुसातही तीच जाते.

रिकव्हरी रूममधल्या हवेचा प्रश्न एवढा साधा आहे. जगभरात त्यावर बरेच लिहिले गेले आहे, पण बहुतेक लेखन बंदिस्त, मध्यवर्ती वातानुकूलन असलेल्या मोठ्या रुग्णालयांना समोर ठेवून झाले. वाशिमसारख्या जिल्ह्यात या धोक्यांचा क्रमच वेगळा लागतो, म्हणून उपायांचा क्रमही वेगळा हवा. तो कसा, हे या आढाव्यात मांडतो आहे.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे सहा तालुके, २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे १२ लाख लोकसंख्या, त्यातली बहुतेक खेड्यांत. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून जे चार जिल्हे गेले, त्यांत नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबादसोबत वाशिमचे नाव आहे. गंभीर रुग्ण अजूनही अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयाकडे ‘रेफर’ होतात. जिल्ह्यात होणाऱ्या शस्त्रक्रियांत मोठा वाटा सिझेरियनचा, कुटुंबनियोजनाचा, हर्निया-हायड्रोसील आणि हाडांच्या कामाचा. यांतल्या पुष्कळशा कमरेत सुई देऊन, म्हणजे ‘स्पायनल’वर होतात. तिथे वायूची भूल लागतच नाही. छोट्या रुग्णालयात स्वतंत्र रिकव्हरी रूम असेलच असेही नाही. ऑपरेशन थिएटरच्या, म्हणजे ओटीच्या, दाराबाहेरचा बोळ किंवा पोस्ट-ऑप वॉर्डातल्या पहिल्या दोन खाटा हीच ती जागा. तिथे रुग्ण असतो, नुकतेच जन्मलेले बाळ असते, बाळाला बघायला आलेली आजी असते आणि लादी पुसणारी मावशीही असते.

म्हणून अमेरिकेत किंवा युरोपात या विषयावर बोलताना भुलीचा वायू पहिला येतो, तसा तो आपल्याकडे येऊ नये. आपल्याकडे पहिला मान श्वासातून पसरणाऱ्या रोगांचा, आणि त्यातही क्षयरोगाचा. ओटीत येणारा प्रत्येक क्षयरुग्ण ‘क्षयरुग्ण’ असे लिहिलेला कागद घेऊन येत नाही. मानेतली गाठ काढायला आलेला मुलगा, छातीत पू झाल्याने नळी टाकायला आणलेला मजूर, रात्री दोन वाजता कळा घेऊन आलेली आणि महिनाभर खोकणारी बाई, यांपैकी कुणाच्या छातीत काय आहे हे त्या क्षणी कुणालाच ठाऊक नसते. नळी काढताना येणारा खोकला हा कण हवेत उडवणारा प्रसंग. त्या कणांतले पाणी उडून गेले की एक ते पाच मायक्रॉनचे गाभे उरतात. ते खाली बसत नाहीत, तासन् तास तरंगतात.

हे कुणी केवळ कल्पनेने सांगितलेले नाही. अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड रायली यांनी क्षयरोग वॉर्डातली हवा नळातून वरच्या मजल्यावरच्या गिनिपिगांपर्यंत नेली. रुग्णाला त्या प्राण्यांनी कधी पाहिलेही नव्हते, तरी ते बाधित झाले. हवेच्या एका वेगळ्या वाटेत अतिनील किरणांचा दिवा लावला होता, त्या वाटेवरचे प्राणी बचावले. हवेतून रोग पसरतो याचा इतका स्वच्छ पुरावा हाताशी असूनही कोविडच्या साथीत जगाने पुन्हा चाचपडत वेळ घालवला. जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी एकत्र येऊन हवेतल्या प्रसाराकडे लक्ष द्या असे जाहीर आवाहन केले, तेव्हा कुठे चर्चा नीट सुरू झाली. आपल्या जिल्ह्यापुरते बोलायचे तर फेब्रुवारी २०२१ मध्ये रिसोड तालुक्यातल्या देगावच्या निवासी शाळेत २२९ विद्यार्थी बाधित निघाले. एका छताखाली, एका हवेत राहणाऱ्यांचे काय होते हे वाशिमकरांना वेगळे सांगायला नको.

आता खोलीतली हवा बदलते म्हणजे काय ते नीट पाहू, कारण सगळा हिशेब इथे आहे. तासाला खोलीच्या आकारमानाएवढी ताजी किंवा शुद्ध केलेली हवा किती वेळा आत येते, हे मोजायचे एकक म्हणजे ‘एअर चेंज’. अमेरिकी अभियंत्यांच्या प्रमाणकात रिकव्हरी रूमसाठी तासाला किमान ६ आणि ओटीसाठी २० एअर चेंज सांगितले आहेत. हवेतून पसरणाऱ्या रोगाच्या रुग्णासाठीच्या नव्या खोलीला १२ हवेत. या आकड्यांचा अर्थ वेळेत सांगितला की कळतो. खोलीत उडालेले ९९ टक्के कण निघून जायला १२ एअर चेंज असताना २३ मिनिटे लागतात, ६ असताना ४६ मिनिटे, आणि दारे-खिडक्या बंद करून एसी लावलेल्या, जेमतेम २ एअर चेंज असलेल्या खोलीत २ तास १८ मिनिटे. तेवढ्या वेळात त्याच खाटेवर आणखी दोन रुग्ण येऊन गेलेले असतात.

समजा चार खाटांची खोली २० फूट लांब, १५ फूट रुंद आणि १० फूट उंच आहे. आकारमान झाले ३,००० घनफूट. तासाला ६ एअर चेंज म्हणजे १८,००० घनफूट, मिनिटाला ३०० घनफूट हवा. एका भिंतीत चार चौरस फूट उघडी खिडकी असेल, समोरच्या भिंतीत तेवढीच बाहेर पडायची वाट असेल आणि वारा सेकंदाला सव्वा फूट एवढ्या मंद गतीने आत येत असेल, तर हे ३०० घनफूट पुरे होतात. एवढी झुळूक हातालाही जेमतेम कळते. मात्र जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये नैसर्गिक वायुवीजनासाठी दिलेला हिशेब खोलीवर नसून माणसांवर आहे. साध्या वॉर्डात दर रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर हवा. चार रुग्णांना २४० लिटर, म्हणजे मिनिटाला ५०० घनफुटांच्या वर. आपल्या या खोलीत तेवढ्यासाठी दहा एअर चेंज लागतील. खाटा भरलेल्या असतील आणि प्रत्येकाजवळ दोन नातेवाईक बसले असतील, तर सहाचा आकडा अपुरा पडतो. हा हिशेब करायला अभियंता लागत नाही. टेप, कागद आणि खिडकीशी धरलेली उदबत्ती एवढ्यावर भागते. उदबत्तीचा धूर कुठून कुठे जातो ते पाहिले की हवा सिस्टरकडून रुग्णाकडे आणि तिथून बाहेर जाते, की रुग्णाकडून सिस्टरच्या तोंडावर येते, ते लगेच दिसते. खुर्चीची जागा बदलणे हा पुष्कळदा पहिला आणि फुकटचा उपाय ठरतो.

पेरूची राजधानी लिमा इथल्या रुग्णालयांत रॉडरिक एस्कोम्ब आणि सहकाऱ्यांनी केलेला, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास आपल्या कामाचा आहे. दारे-खिडक्या सताड उघडल्यावर तिथे तासाला सरासरी २८ एअर चेंज मिळाले. यंत्राने हवा खेचणाऱ्या, १२ एअर चेंजच्या खोल्यांपेक्षा हे दुपटीहून जास्त. त्यातही पन्नास वर्षांहून जुन्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारतींत आकडा ४० वर गेला, तर नव्या बांधणीच्या खोल्यांत १७ वर अडला. वऱ्हाडातल्या जुन्या दवाखान्यांच्या उंच भिंती आणि छताजवळचे झरोके आठवा. एसी बसवताना त्यांतले कितीतरी झरोके फळी ठोकून बंद केले गेले. गारवा बाहेर जाऊ नये म्हणून केलेली ती सोय रुग्णांना महागात पडली, असे माझे स्पष्ट मत आहे.

एसीबद्दल एक गोष्ट अनेक डॉक्टरांनाही ठाऊक नसते. भिंतीवरचा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. तो खोलीतलीच हवा खेचतो, गार करतो आणि परत सोडतो. त्याच्या जाळीने धूळ अडते, जंतूंचे गाभे अडत नाहीत. उलट वऱ्हाडातला जुना कूलर, तो खिडकीबाहेर बसवलेला असेल आणि समोरची खिडकी उघडी असेल तर, भरपूर बाहेरची हवा आत लोटतो. उघड्या वाटेविना कूलर नीट गारवाही देत नाही, हे इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे. मे महिन्याच्या उन्हात पोस्ट-ऑप वॉर्डासाठी नीट बसवलेला कूलर बंद खोलीतल्या एसीपेक्षा हवेच्या बाबतीत सरस ठरू शकतो. अट एवढीच की टाकीतले पाणी आठवड्याला पूर्ण उपसून टाकी घासली पाहिजे. नाहीतर बुरशी होते आणि डेंग्यूचा डास वाढतो. प्रत्यक्ष ओटीत मात्र कूलर कधीच चालणार नाही.

इथे एक खरी अडचण आहे आणि ती टाळून चालणार नाही. शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला हुडहुडी भरते. स्पायनल उतरताना बाळंतीण थरथरते, बाळाला तर ऊब लागतेच. थंडीच्या रात्री सिस्टर खिडकी लावून घेते ती बेफिकिरीने नव्हे, रुग्णाच्या काळजीने. यावर तोडगा आहे. छताजवळचा झरोका हवा आत येण्यासाठी उघडा ठेवायचा, रुग्णाच्या डोक्याच्या बाजूला भिंतीत एक्झॉस्ट पंखा बसवून हवा बाहेर काढायची आणि रुग्णाला पांघरुणाने, हीटरने ऊब द्यायची. हवा बदलती ठेवायची आणि उबेची सोय वेगळी करायची. पंख्याचे तोंड मात्र कुठे उघडते ते पाहा. ते प्रतीक्षालयाच्या व्हरांड्यात उघडत असेल तर संकट फक्त एका भिंतीपलीकडे सरकते.

ज्याला क्षयरोग आहे किंवा दाट शंका आहे, अशा रुग्णासाठी नियम जुना आणि सोपा आहे. तातडी नसेल तर औषधे सुरू होऊन थुंकी निर्दोष होईपर्यंत शस्त्रक्रिया पुढे ढकलावी. ढकलता येत नसेल तर यादीत शेवटी घ्यावी, भूल त्याच ओटीत उतरू द्यावी, रिकव्हरीत आणूच नये, आणि पुढचा वापर हवा धुऊन निघेपर्यंत थांबवावा. रुग्ण शुद्धीवर आला आणि ऑक्सिजनची गरज संपली की त्याच्या तोंडाला साधा सर्जिकल मास्क लावावा. दक्षिण आफ्रिकेत धर्माधिकारी आणि सहकाऱ्यांनी औषधाला दाद न देणाऱ्या क्षयाच्या रुग्णांवर केलेल्या, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, रुग्णांनी मास्क लावल्याने गिनिपिगांना होणारा संसर्ग ५६ टक्क्यांनी घटला. सिस्टरला एन-९५ हवा, तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. केंद्रीय आरोग्य खात्याची हवेतल्या संसर्गावरची मार्गदर्शिका २०१० पासून आहे आणि रुग्णालयांतल्या संसर्ग प्रतिबंधाची राष्ट्रीय मार्गदर्शिका जानेवारी २०२० ची आहे. कागदाची वाण नाही.

भुलीच्या वायूंकडे येऊ. वाशिममध्ये त्यांचे स्थान दुसरे-तिसरे असले तरी ते नगण्य नाहीत. पोटाच्या, हाडांच्या, लहान मुलांच्या शस्त्रक्रियांत पूर्ण भूल लागते. नायट्रस ऑक्साइड, आयसोफ्लुरेन, सेव्होफ्लुरेन हे वायू रुग्ण श्वासातून घेतो आणि श्वासातूनच परत सोडतो. ओटीत मशीनला निचऱ्याची नळी असते; रिकव्हरीत रुग्णाच्या तोंडापुढे काहीच नसते. नायट्रस पहिल्या काही मिनिटांतच झपाट्याने बाहेर पडतो. इतर वायू चरबीत मुरलेले असतात, ते हळूहळू, तासाहून अधिक काळ निघत राहतात. अमेरिकेच्या नायॉश या संस्थेने १९७७ मध्ये नायट्रससाठी हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग आणि हॅलोजनयुक्त वायूंसाठी २ भाग ही मर्यादा सुचवली. अमेरिकेतही ती शिफारसच आहे, कायदा नव्हे. खोलीच्या मधोमध मोजले तर आकडा बऱ्याचदा मर्यादेत दिसतो. सिस्टर वाकते त्या वीतभर जागेत मोजले की तो वर चढतो. म्हणून काही देशांत रुग्णाच्या तोंडाजवळूनच वायू शोषून घेणारे मास्क वापरतात. आपल्या छोट्या रुग्णालयांनी त्यांच्या मागे लागण्याआधी एक्झॉस्ट नीट करावा.

या वायूंमुळे काय होते? डोके दुखणे, मळमळ, थकवा हे लगेच जाणवते. नायट्रस शरीरातल्या ब-१२ जीवनसत्त्वाचे काम बिघडवतो, हे पक्के आहे. गर्भपाताचा प्रश्न १९६७ मध्ये सोव्हिएत संघातल्या वैसमान यांनी उपस्थित केला. त्यांनी पाहिलेल्या भूलतज्ज्ञ स्त्रियांच्या ३१ गर्भधारणांपैकी १८ गर्भपातात संपल्या होत्या. त्या पाहणीत दोष होते, नंतरच्या अभ्यासांवरही वाद झाले. निचऱ्याची सोय असलेल्या आधुनिक ओटीत धोका फारसा उरत नाही, असे आज मानले जाते. पण निचऱ्याची सोय नसलेल्या बंद खोलीला तो दिलासा लागू होत नाही. शिवाय गर्भाला जास्त जपायचा काळ म्हणजे पहिले तीन महिने. २०१७ च्या दुरुस्तीने मिळालेल्या २६ आठवड्यांच्या प्रसूती रजेपैकी प्रसूतीआधी फार तर आठ आठवडे घेता येतात, त्यामुळे या पहिल्या काळाला रजेचे संरक्षण नाही. दिवस गेल्याचे कळताच सिस्टरने सांगावे आणि इन्चार्जने प्रश्न न विचारता तिची ड्युटी बदलावी, अशी रीत पडली पाहिजे. कंत्राटी सिस्टरला तर नोकरी जाण्याच्या भीतीने सांगताही येत नाही. ती भीती घालवणे प्रशासनाच्या हातात आहे आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

वायूची गळती हा वेगळा भाग. स्कॉटलंडमधल्या रुग्णालयांनी हिशेब मांडला तेव्हा खरेदी केलेल्या नायट्रसचा फार मोठा भाग रुग्णापर्यंत पोहोचण्याआधीच पाइपलाइनमधून गळून जातो, असे आढळले. छोट्या रुग्णालयात निळे सिलिंडर मशीनलाच जोडलेले असते. जोडावर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते आठवड्याला पाहणे, वॉशर बदलणे, काम संपले की सिलिंडर चावीने बंद करणे, एवढे केले तरी बरेच साधते. एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. एन-९५ मास्क कण अडवतो, वायू अडवत नाही. नायट्रस, सेव्होफ्लुरेन किंवा फॉर्मेलिनची वाफ यांच्यापुढे तो निरुपयोगी आहे. मास्क लावलेल्या सिस्टरला आपण सुरक्षित आहोत असे वाटते, आणि तो विश्वासच घातक ठरतो.

फॉर्मेलिनचा विषय निघालाच आहे. आठवड्याच्या शेवटी ओटी बंद करून फॉर्मेलिनचा धूर सोडायचा, पोटॅशियम परमँगनेट टाकायचे, दाराच्या फटींना चिकटपट्टी लावायची आणि सोमवारी उघडायचे, ही पद्धत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. ओटीला लागून असलेल्या रिकव्हरीत सोमवारी सकाळी डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. फॉर्मल्डिहाइड माणसात कर्करोग घडवते, असा निर्वाळा आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्ये दिला. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने रुग्णसेवेच्या जागी नेहमीच्या निर्जंतुकीकरणासाठी असे धुरीकरण करू नये असे सांगितले आहे. शस्त्रक्रियेनंतरचा संसर्ग बहुधा हातांमुळे, हत्यारांमुळे आणि रुग्णाच्या स्वतःच्या त्वचेवरील जंतूंमुळे होतो. भिंतींना धूर देऊन तो थांबत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी असा हा प्रकार आहे. पृष्ठभाग साबण-पाण्याने घासून पुसणे आणि त्यावर योग्य जंतुनाशक लावणे हे कष्टाचे, पण खरे काम. कोविडमध्ये माणसांवर हायपोक्लोराइट फवारणारे बोगदे गावोगाव उभे राहिले, तेव्हा १८ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाला ते करू नका असे सांगावे लागले. धूर आणि वास म्हणजे स्वच्छता, ही समजूत आपल्याकडे फार खोल गेली आहे.

मावशींचा उल्लेख या चर्चेत कधीच होत नाही, म्हणून मुद्दाम करतो. ब्लीचिंग आणि संडास साफ करायचे ॲसिड एका बादलीत मिसळले की क्लोरीन वायू निघतो. लॅप्रोस्कोपीच्या दुर्बिणी बुडवायच्या ग्लुटराल्डिहाइडचे ट्रे झाकणाविना रिकव्हरीच्या कोपऱ्यात ठेवले की त्याची वाफ दिवसभर तिथे राहते, आणि त्यातून दमा होऊ शकतो. ज्यांना लेबल वाचता येत नाही त्यांच्या हातात ही रसायने आपण देतो, प्रशिक्षण मात्र डॉक्टर-सिस्टरांचे घेतो. हे अन्यायाचे आहे.

शेवटचा धोका क्वचित येतो, पण आला की काही शिल्लक ठेवत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली आणि १० बाळे गेली. त्यांतली बहुतेक धुराने गुदमरली होती. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयात अतिदक्षता विभागाला आग लागून त्या दिवशी ११ रुग्ण दगावले. रिकव्हरी रूमची अवस्था याहून वेगळी नसते. ऑक्सिजन सतत सुटत असतो, हवेतले त्याचे प्रमाण नेहमीच्या २१ टक्क्यांवरून वाढते, आणि अशा हवेत चादर, गॉज, सॅनिटायझर झटकन पेट घेतात. रुग्ण उठून पळू शकत नाही, भूल अंगात असल्याने नीट खोकूही शकत नाही. इथेही बदलती हवा कामी येते, कारण ऑक्सिजन साठून राहत नाही. न वापरलेला फ्लोमीटर बंद ठेवणे, एकाच प्लगवर वॉर्मर, मॉनिटर आणि सक्शन न लादणे, धूर निघायला वर वाट असणे आणि स्ट्रेचर जाईल एवढे दार कुलपाविना मोकळे असणे, याला पर्याय नाही. राज्याचा अग्निप्रतिबंधक कायदा २००६ चा आहे. भंडाऱ्यानंतर तपासण्यांची लाट आली. ती दरवर्षी यायला हवी.

मग नियम कमी पडतात का? मला तसे वाटत नाही. खासगी रुग्णालयांसाठी १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा आहे, सरकारी रुग्णालयांसाठी भारतीय सार्वजनिक आरोग्य मानके आहेत, २०१५ पासून स्वच्छतेसाठीची कायाकल्प योजना आहे, प्रसूतिगृह आणि त्याच्या ओटीसाठी डिसेंबर २०१७ पासून लक्ष्य कार्यक्रम आहे. या सर्वांत स्वच्छता, कचरा, हात धुणे यांची कसून विचारपूस होते, आणि त्याने फरकही पडला आहे. पण लादी चकचकीत आहे की नाही ते डोळ्यांना दिसते, हवा दिसत नाही. तपासणीला आलेल्या पथकाने रिकव्हरीत उदबत्ती लावून पाहिली किंवा कार्बन डायऑक्साइडचा मीटर धरला, असे क्वचितच घडत असेल. हा मीटर काही हजारांत मिळतो. बाहेरच्या हवेत आकडा दहा लाख भागांत ४२० च्या आसपास असतो. भरलेल्या वॉर्डात तो हजाराच्या वर जाऊन थांबला तर त्या खोलीतले लोक एकमेकांनी सोडलेला श्वास घेत आहेत, एवढे नक्की. त्याने वायू वा जंतू मोजले जात नाहीत, हवा किती शिळी आहे ते कळते. सुरुवातीला तेवढे पुरे.

हवा शुद्ध करणारी यंत्रे घेण्याकडे सध्या ओढा आहे. चांगल्या हेपा गाळणीचे, खोलीच्या मापाचे यंत्र जंतूंच्या बाबतीत मदत करते, वायूंच्या बाबतीत नाही. गाळणी बदलायला पैसा लागतो, वीज लागते. खिडकी उघडता येत असताना त्याच्यावर खर्च करणे मला पटत नाही. जिथे खिडकीच नाही, आतल्या बाजूची कोंदट खोली आहे, तिथे मात्र ते जरूर घ्यावे किंवा छताजवळ अतिनील दिवे बसवावेत. ते दिवे जाणकाराकडूनच लावून घ्यावेत, कारण चुकीच्या उंचीवर लावलेला दिवा डोळे भाजतो.

हे सगळे आत्ताच का लिहायचे, याला कारण आहे. वाशिमला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मंजूर झाले, १०० विद्यार्थ्यांची प्रवेशक्षमता आणि जोडीला ४३० खाटांचे रुग्णालय. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी राज्यातल्या दहा नव्या महाविद्यालयांचे उद्घाटन झाले, त्यांत वाशिम होते. म्हणजे येत्या काळात जिल्ह्यात मोठ्या शस्त्रक्रिया वाढणार, पूर्ण भूल वाढणार, आज अकोल्याला जाणारा रुग्ण इथे थांबणार. भुलीच्या वायूंचा जो प्रश्न आज दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर आहे, तो तेव्हा वर सरकेल. आणि नव्या इमारतीत काच लावलेली, न उघडणारी खिडकी आणि भिंतीवर स्प्लिट एसी एवढेच आले, तर जुन्या इमारतीत फुकट मिळणारी हवाही जाईल.

भिंती उभ्या राहिल्यावर झरोका पाडणे फार अवघड. म्हणून वाशिमच्या लोकप्रतिनिधींना, अधिष्ठात्यांना, जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि बांधकाम विभागाला विनंती आहे की रिकव्हरी रूमच्या नकाशावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी मागाव्यात: तासाला किती एअर चेंज मिळतील, त्यांतली बाहेरची ताजी हवा किती, आणि वापरलेली हवा इमारतीबाहेर नेमकी कुठे सोडली जाणार. इंडियन मेडिकल असोसिएशनची (आयएमए) जिल्हा शाखा आणि परिचारिकांच्या संघटना यांनी तोपर्यंत आहे त्या खोल्यांत उदबत्ती आणि टेप घेऊन मोजणी करावी आणि आलेले आकडे ओटीच्या दारावर लावावेत.